‘हो’ म्हणायची परवानगी

दक्षिण फ्रान्समधल्या तुलूझच्या मेट्रोत स्टेशनचं नाव दोनदा पुकारतात. एकदा फ्रेंचमध्ये, ‘कापितोल’. लगेच पुन्हा एकदा, शेवटचा स्वर पुरता उच्चारून, ‘कापितॉली’. कामानिमित्त मी त्या शहरात दोन वर्षं होतो. दुसरं नाव स्पॅनिश प्रवाशांसाठी असणार, अशी पहिले काही आठवडे माझी समजूत होती. स्पेनची हद्द तिथून फार लांब नाही. शेवटी तळमजल्यावरच्या शेजारीणबाईंना विचारलं. ऐंशी ओलांडलेल्या बाई दारातल्या खुर्चीत घेवड्याच्या शेंगा सोलत बसल्या होत्या. मान वर न करता म्हणाल्या, “ते होय? ती पातुआ.”

पातुआ म्हणजे गावंढळ बोली. ज्या बोलण्याला भाषा म्हणायची लायकी नाही असं वरच्यांनी ठरवलं, त्याला फ्रान्समध्ये हा शब्द लावतात. मग बाईंनीच आपणहून पुढे सांगितलं. त्यांची आजी ‘वी’ म्हणायची नाही. फ्रेंचमध्ये हो म्हणजे ‘वी’. आजी म्हणायची ‘ऑक’. “पण आम्ही पोरांनी म्हटलेलं तिला चालायचं नाही. तुम्ही ‘वी’ म्हणा, म्हणायची.”

स्वतः ‘ऑक’ म्हणणारी आजी नातवंडांना ते म्हणू देत नव्हती. ही गोष्ट मला आजही सोडत नाही. एका अक्षराचा शब्द, त्याचा अर्थ ‘हो’ आणि तो घरातल्या घरात म्हणायला बंदी. ही बंदी आजीच्या मनात कुठून आली हे समजून घ्यायचं तर त्या शब्दाच्या जन्मापासून सुरुवात करावी लागते.

रोमन लोकांच्या लॅटिनमध्ये ‘हो’साठी ठरलेला असा एक शब्दच नव्हता. मराठी माणसाला याचं फार नवल वाटू नये. ‘जेवलास का?’ ‘जेवलो.’ ‘येतेस बाजारात?’ ‘येते.’ दिवसभरात आपण किती होकार ‘हो’ न उच्चारता देतो! लॅटिनमध्येही तसंच होतं. प्रश्नातलं क्रियापद उत्तरात परत यायचं, नाहीतर ‘असंच’, ‘अगदी’ अशा अर्थाचा एखादा शब्द यायचा. आयरिश भाषेत आजही ‘हो’ नाही, ‘नाही’ही नाही; क्रियापदच परत म्हणतात. वेल्शमध्ये होकार प्रश्नाच्या क्रियापदाप्रमाणे आपलं रूप बदलतो. पोर्तुगीजमध्ये ‘सीं’ हा शब्द आहे, पण ‘हवंय?’ असं विचारलं तर पोर्तुगीज माणूस ‘हवंय’ असंच म्हणेल. गोव्यात ‘तुका जाय?’ला ‘जाय’ हे उत्तर देणाऱ्याला ती लकब घरचीच वाटली असणार.

आपल्या ‘होय’चं मूळही क्रियापदातच आहे. संस्कृत ‘भवति’चं प्राकृतात ‘होइ’ झालं आणि मराठीत ‘होय’. म्हणजे आपण होकार देतो तेव्हा मुळात ‘तसं आहे’ एवढंच म्हणतो. कोल्हापूरकडे त्याचं ‘व्हय’ झालं, नागपूरकडे ‘हौ’.

लॅटिन जसजशी गावोगावच्या बोलींमध्ये विरघळत गेली, तसतशी प्रत्येक प्रदेशाने ही रिकामी जागा आपापल्या परीने भरली. इटलीने ‘सिक’, म्हणजे ‘असं’, हा शब्द घेतला आणि त्याचा ‘सी’ केला. स्पेननेही तेच केलं. पूर्वेला रुमानियन भाषेने शेजारच्या स्लाव्ह लोकांचा ‘दा’ उचलला. आजच्या फ्रान्सच्या दक्षिणेत लोकांनी ‘होक’ घेतला. लॅटिनमध्ये होक म्हणजे ‘हे’. विचारलेल्या गोष्टीवर बोट ठेवून ‘हे’ म्हणायचं, की झाला होकार. त्यातला ह गळला आणि ‘ऑक’ उरला. (लॅटिन ‘होक’ आणि मराठी ‘हो’ कानाला सारखे वाटतात, पण त्यांचा एकमेकांशी संबंध नाही. एक सर्वनाम आहे, दुसरं क्रियापद. असल्या योगायोगावर वंशावळी रचू नयेत.)

आणि उत्तर फ्रान्सने? तिथेही हाच ‘होक’ होता. फक्त त्याच्यापुढे कर्ता जोडायची पद्धत पडली. ‘हे मी’, ‘हे तू’, ‘हे तो’. त्यातलं ‘हे तो’, म्हणजे ‘होक इल्ले’, सरसकट सगळ्यांसाठी वापरात आलं. त्याचं ‘ओईल’ झालं आणि शेवटी ‘वी’. आज पॅरिसमध्ये राष्ट्राध्यक्षापासून पाववाल्यापर्यंत सगळे जो ‘वी’ म्हणतात, त्याच्या पोटात तो दक्षिणेतला ‘ऑक’ जसाच्या तसा बसलेला आहे. या दोघी सख्ख्या बहिणी. पुढे एक घरची मालकीण झाली आणि दुसरीला पातुआ म्हणायला लागले, यात शब्दांचं कर्तृत्व काहीच नाही.

एक छोटं वळण घेतो, कारण मला त्याचा मोह आवरत नाही. फ्रेंचमध्ये ‘वी’ खेरीज ‘सी’ही आहे, पण तो फक्त नकार खोडून काढायला. ‘तू जेवला नाहीस ना?’ असं विचारलं आणि जेवण झालेलं असलं, तर ‘वी’ नाही, ‘सी’. जर्मनमध्ये तिथे ‘डॉख’ येतो. इंग्रजीतही एके काळी अशी वाटणी होती: साध्या प्रश्नाला ‘ये’, नकारार्थी प्रश्नाला ‘येस’. सोळाव्या शतकात टॉमस मोर यांनी बायबलचे भाषांतरकार विल्यम टिंडेल यांना अशाच नियमाच्या चुकीवरून, दोन नकारांची गल्लत केली म्हणून, धारेवर धरलं होतं. मराठीत हे काम आपण एका ‘की’वर भागवतो. ‘जेवला नाहीस ना अजून?’ ‘जेवलो की!’ तो ‘की’ कुठल्याही डॉखला भारी आहे.

तर, होकारावरून भाषा ओळखायची ही रीत इतकी पक्की झाली की १३०५च्या सुमाराला इटालियन महाकवी दान्तेने लोकभाषांवर लॅटिनमध्ये ग्रंथ लिहायला घेतला तेव्हा त्याने याच शब्दांनी वर्गवारी केली. कोणी ऑक म्हणतात, कोणी ओईल, कोणी सी. त्याचं पुढचं म्हणणं मला फार मोलाचं वाटतं. देव, आकाश, प्रेम, समुद्र, जगतो, मरतो यांसाठी या तिन्ही भाषांत एकच शब्द आहेत, म्हणून त्या मुळात एकच, असं तो दाखवतो. मरण आणि प्रेम एका शब्दाचं, होकार तेवढा ज्याचा त्याचा. आणि दान्तेला ऑकवाल्यांबद्दल किती आदर होता! आपल्या महाकाव्यात, शुद्धिलोकाच्या सव्विसाव्या सर्गात, आर्नो दानिएल हा कवी भेटतो तेव्हा दान्ते त्याच्या तोंडी इटालियन घालत नाही. त्याला त्याच्याच ऑकच्या भाषेत आठ ओळी बोलू देतो.

आर्नो हा त्रुबादूर. बाराव्या शतकात या दक्षिणेच्या दरबारांत जे कवी-गायक झाले, त्यांनी प्रेमकवितेला युरोपभर नवं वळण लावलं. इंग्लंडचा राजा पहिला रिचर्ड, ज्याला सिंहहृदयी म्हणतात, तो याच भागातल्या आक्वितेनचा ड्यूक होता आणि स्वतः गीतं रचायचा. बेर्त्रान द बॉर्न या कवीने त्याला टोपणनाव ठेवलं होतं ‘ऑक-ए-नो’. हो-आणि-नाही. राजाला टोपणनाव द्यायचं तर ते या भाषेतल्या होकार-नकाराचं, अशी तिची तेव्हा प्रतिष्ठा होती.

मग १२०९मध्ये पोपच्या हाकेवरून उत्तरेचे सरदार चर्चने पाखंडी ठरवलेल्या कॅथार पंथीयांवर धर्मयुद्ध म्हणून चालून आले. बेझिए शहरात कत्तल झाली. १२२९च्या तहाने तुलूझच्या काउंटचं कंबरडं मोडलं, १२७१मध्ये त्याचा मुलूख फ्रेंच राजाकडे गेला. जिंकलेल्या मुलखाला नाव पडलं तेही ‘लांगदॉक’. ऑकची भाषा. १५३९च्या ऑगस्टमध्ये राजा पहिला फ्रान्स्वा याने विलेर-कोतरे इथे हुकूम काढला की न्यायालयांचे आणि सरकारी कागद ‘फ्रेंच मातृभाषेत’ लिहावेत, दुसऱ्या कशात नाही. त्या हुकुमाचा पहिला घाव लॅटिनवर होता, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. पण दक्षिणेचे नोटरी ऑकच्या भाषेतही कागद करत होते. तेही बंद झालं. राज्याच्या दप्तरातून भाषा गेली. शेतात, चुलीपाशी, बाजारात ती होती तशीच होती. खरा घाव पुढे आला, आणि तो राजाने घातला नाही.

१७८९च्या क्रांतीनंतर नव्या सभेने १७९०च्या जानेवारीत ठरवलं होतं की कायद्यांची भाषांतरं लोकांच्या बोलीभाषांत करायची. उत्तम निर्णय होता. चार वर्षांत वारं फिरलं. ४ जून १७९४ रोजी आबे (म्हणजे पाद्री) ग्रेग्वार यांनी अहवाल मांडला आणि त्याच्या शीर्षकातच हेतू होता: पातुआ नष्ट करण्याची गरज आणि त्याचे मार्ग. त्यांच्या हिशेबाने देशातल्या ६० लाख लोकांना फ्रेंच मुळीच येत नव्हतं, जवळपास तेवढ्यांनाच सलग संभाषण जमत नव्हतं आणि शुद्ध बोलणारे ३० लाखांपेक्षा जास्त नव्हते. म्हणजे राष्ट्राची म्हणवली जाणारी भाषा त्या राष्ट्रात अल्पसंख्य होती.

हे ग्रेग्वार कोणी दुष्ट गृहस्थ नव्हते. गुलामगिरीविरुद्ध लढलेला, ज्यूंना नागरिकत्व मिळावं म्हणून झगडलेला माणूस. त्यांचा युक्तिवाद समतेचा होता. शेतकऱ्याला कायदा वाचता आला नाही तर तो वकिलाच्या आणि जमीनदाराच्या मुठीत राहणार. सर्वांना एक भाषा दिली की सगळे एका पातळीवर. आजही फ्रान्समध्ये प्रादेशिक भाषांना विरोध करणारे बहुतेक जण हाच मुद्दा मांडतात आणि तो टाकाऊ नाही. गरिबाच्या मुलाला सत्तेची भाषा यायलाच हवी, यावर माझं दुमत नाही. पण फ्रेंच शिकवणं आणि ऑक विसरायला लावणं ही दोन वेगळी कामं आहेत. ग्रेग्वार यांनी ती एकाच वाक्यात बांधली आणि ती गाठ फ्रान्सला आजही सुटलेली नाही.

१८८०च्या दशकात शिक्षणमंत्री ज्यूल फेरी यांच्या कायद्यांनी शाळा मोफत आणि सक्तीची झाली तेव्हा ही गाठ पोरांच्या गळ्यात पडली, आणि ते अगदी शब्दशः. दक्षिणेत त्या वस्तूला ‘सेन्याल’ म्हणत, म्हणजे खूण. लाकडाचा तुकडा, जुना सपाता, काहीही. जो मुलगा पातुआ बोलताना सापडेल त्याला ती खूण द्यायची. त्याची सुटका कशी? दुसरा कोणी बोलताना पकडायचा आणि खूण त्याच्या हवाली करायची. शाळा सुटताना ती ज्याच्याकडे असेल त्याला शिक्षा. ब्रिटनी प्रांतात ब्रेतॉन बोलणाऱ्या मुलांसाठी हेच होतं. वेल्समध्येही असंच लाकूड गळ्यात घालत.

या पद्धतीतली सर्वांत वाईट गोष्ट शिक्षा नव्हे. वाईट हे की मास्तरांना काही करावंच लागत नाही. मुलंच एकमेकांवर पाळत ठेवतात. अशा शाळेतून बाहेर पडलेली आई आपल्या बाळाशी कोणत्या भाषेत बोलेल? आजच्या ऑकवाल्यांनी या सगळ्या अनुभवाला एकच नाव दिलं आहे, ‘वेर्गोन्या’. लाज. शेजारीणबाईंची आजी नातवंडांना ‘वी’ म्हणा असं सांगत होती तेव्हा ती त्यांना आपल्या वाट्याला आलेल्या लाजेपासून वाचवत होती.

हे ऐकताना मला माझी भाची आठवली. ती इंग्रजी माध्यमाच्या शाळेत दुसरीत होती तेव्हा वर्गात बाईंच्या टेबलावर एक प्लॅस्टिकची बरणी असायची. मराठी बोललं की त्यात पाच रुपये. नावं टिपायला मॉनिटर. एकदा मधल्या सुट्टीत ती पडली, गुडघा फुटला आणि तोंडून ‘आई गं’ निघालं. मैत्रिणीने जाऊन नाव सांगितलं. घरी आली तेव्हा गुडघ्यावर चिकटपट्टी होती आणि ती पाच रुपये मागत होती. ताईने दिले, हसली, आणि मीही तेव्हा हसलो होतो. सेन्यालची गोष्ट कळेपर्यंत त्या बरणीत मला काही वावगं दिसलं नव्हतं, याची मला आज खंत वाटते.

बाईंकडे परत जातो. ती भाषा नव्हे, पातुआ, असं त्या ठामपणे म्हणत. एकदा त्यांनी कॉफी घेणार का विचारलं आणि मी धिटाई करून म्हटलं, “ओक.” त्यांनी कप खाली ठेवला. “ओक नाही. ऑक. तोंड उघडा.” मी पुन्हा म्हटलं. त्यांना पटलं नाही. तिसऱ्या खेपेला मान डोलावली आणि मग ‘हो, नक्कीच’ असं म्हणायचं तर ‘ऑक-बेन’ म्हणतात, हेही शिकवलं. जिच्यात चूक आणि बरोबर असतं, जिच्यात चुकलेल्याला थांबवून दुरुस्त करावंसं वाटतं, ती भाषा नाही तर काय? बाईंच्या तोंडातल्या मतापेक्षा त्यांच्या कानावर माझा जास्त विश्वास आहे.

समतेच्या मुद्द्याला सर्वांत चांगलं उत्तर याच मातीतल्या एका समतावाद्याने दिलं होतं. तुलूझच्या मेट्रोत त्याच्या नावाचं मोठं स्टेशन आहे. ज्याँ जोरेस, १८५९मध्ये कास्त्र गावात जन्मलेला समाजवादी पुढारी, महायुद्ध टाळण्यासाठी धडपडला आणि १९१४च्या जुलैअखेर पॅरिसमध्ये गोळी घालून मारला गेला. त्याला गावाकडची ऑक चांगली येत असे. १९११मध्ये त्याने तुलूझच्या वर्तमानपत्रात लिहिलं की फ्रेंच आणि आपली लांगदॉकी यांची सांगड घालून मला थोड्याच दिवसांत पोर्तुगीज आणि स्पॅनिश समजू लागली. मग दक्षिणेतल्या शाळांमधून मुलांच्या या ठेव्याचा उपयोग का करून घेत नाही? दोन भाषा शेजारी ठेवल्या की मूल तुलना करायला शिकतं, विचार करायला शिकतं, आणि आईबापांच्या बोलीचा तिरस्कार करणं थांबवतं. जोरेसला कामगारांच्या मुलांना मागे ठेवायचं होतं, असा आरोप कोणी करणार नाही.

त्याआधी १९०४मध्ये ऑकच्या प्रोव्हांसाल बोलीत लिहिणाऱ्या फ्रेदेरिक मिस्त्राल यांना साहित्याचं नोबेल मिळालं होतं. ज्या भाषेत नोबेल मिळतं, त्या भाषेत बोललं म्हणून त्याच देशात मुलांना शिक्षा होते. याहून जास्त काही म्हणायची गरज मला वाटत नाही.

सरकारने जोरेसचं ऐकायला ४० वर्षं घेतली. १९५१च्या देक्सोन कायद्याने ब्रेतॉन, बास्क, कातालान आणि ऑकची ऑक्सितान या भाषा शाळेत शिकवायला मुभा दिली, तीही ऐच्छिक. १९७९मध्ये पो शहरात पालकांनी स्वतः शाळा काढली, ‘कालांद्रेता’, म्हणजे चंडोलाचं पिल्लू. तिथे ऑक्सितान हा तासाभराचा विषय नव्हता. गणित तिच्यात, भांडण तिच्यात, डबा तिच्यात. अशा शाळांची साखळी वाढत गेली.

पण १९९२मध्ये घटनेच्या दुसऱ्या कलमात एक वाक्य आलं: प्रजासत्ताकाची भाषा फ्रेंच आहे. त्या वेळी युरोपीय संघ उभारणाऱ्या मास्ट्रिख्टच्या कराराची घाई होती, रोख इंग्रजीच्या आक्रमणाकडे होता. पुढे मात्र ते वाक्य इंग्रजीवर कमी आणि घरच्या भाषांवर जास्त वापरलं गेलं. १९९९च्या मे महिन्यात फ्रान्सने प्रादेशिक आणि अल्पसंख्य भाषांच्या युरोपीय सनदेवर सही केली. जूनमध्ये घटना परिषदेने, म्हणजे कायदे घटनेत बसतात का ते तपासणाऱ्या मंडळाने, ती दुसऱ्या कलमात बसत नाही म्हणून सांगितलं. ती सही आजही तशीच लोंबकळत आहे. २००८मध्ये ७५-१ हे कलम जोडलं: प्रादेशिक भाषा हा फ्रान्सचा वारसा आहे. मग ८ एप्रिल २०२१ रोजी खासदार पोल मोलाक यांनी मांडलेला कायदा २४७ विरुद्ध ७६ मतांनी मंजूर झाला, कालांद्रेतासारख्या शिक्षणपद्धतीला प्रथमच पक्का आधार मिळाला. २१ मे रोजी घटना परिषदेने नेमकं तेच कलम रद्द केलं. पूर्ण वेळ त्या भाषेत शिकवणं दुसऱ्या कलमाविरुद्ध आहे म्हणे. मुलाच्या नावात अक्षरावर येणारी छोटी लाटही नामंजूर झाली.

‘वारसा’ या शब्दावर माझा खरा राग आहे. वारसा म्हणजे किल्ला, जातं, पैठणीचा जुना नमुना. भाषेला वारसा म्हटलं की तिचं नाव पाटीवर येतं, मेट्रोत पुकारलं जातं. २०१६मध्ये तुलूझच्या अख्ख्या प्रांताचं नावच ‘ऑक्सितानी’ ठेवलं. या नावातही ऑक, जुन्या लांगदॉक नावातही ऑक. ज्या शब्दावरून प्रांत ओळखला जातो, त्या शब्दाच्या भाषेत मुलाला भागाकार शिकवायचा तर घटना आडवी येते. युनेस्कोच्या धोक्यातल्या भाषांच्या नकाशात ऑक्सितानच्या बोली आहेत. पाट्यांनी भाषा जगत नाही. पाच वर्षांच्या पोराने तिच्यात हट्ट केला की ती जगते.

हे अशक्य आहे का? तुलूझमधून वाहणारी गारोन नदी स्पेनच्या हद्दीत, पिरेनीज पर्वतातल्या आरान खोऱ्यात उगम पावते. त्या खोऱ्यात साधारण दहा हजार लोक राहतात आणि त्यांची आरानेस ही ऑक्सितानचीच एक बोली. काटालोनियाच्या २००६च्या स्वायत्तता कायद्याने ती अधिकृत भाषा आहे, आणि ती नुसती खोऱ्यात नव्हे तर सबंध काटालोनियात. तिथल्या शाळेत मुलं आरानेसमध्ये शिकतात आणि शिवाय कातालान, स्पॅनिशही. इटलीने १९९९मध्येच पीडमाँटच्या डोंगरातल्या ऑक्सितान भाषकांना कायद्याने मान्यता दिली. ऑकमुळे हे दोन्ही देश दुभंगतील, असं कोणी म्हटलेलं नाही. पाणी तेच, भाषा तीच. नदी हद्द ओलांडून फ्रान्समध्ये शिरली की तिच्या काठची भाषा अधिकृत राहत नाही, वारसा होते.

फ्रान्सने काय करावं याचं उत्तर तिथल्याच लोकांनी दिलेलं आहे. दुसऱ्या कलमातल्या त्या वाक्याला ‘प्रादेशिक भाषांचा मान राखून’ एवढी जोड द्या, ही मागणी संसदेत पुन्हा पुन्हा आली आहे. फ्रेंचचा त्यात एक अक्षरानेही अपमान नाही. कालांद्रेतातून बाहेर पडलेली मुलं फ्रेंच बोलतातच. फ्रान्समध्ये लहानाचं मोठं होऊन फ्रेंच न येणं आज जवळजवळ अशक्य आहे. ग्रेग्वार यांची भीती १७९४मध्ये खरी होती. आज ती भीती उरलेली नाही, फक्त तिच्यापोटी केलेला उपाय चालू आहे.

हे सगळं मराठीत का लिहायचं, असा प्रश्न मला दोघा-तिघांनी विचारला. एप्रिल २०२५मध्ये महाराष्ट्रात पहिलीपासून हिंदी सक्तीचा शासन निर्णय निघाला तेव्हा आपण सगळे उठलो, आणि २९ जूनला सरकारला ते निर्णय मागे घ्यावे लागले. लहान मुलाच्या पहिल्या वर्षांत त्याची स्वतःची भाषा हवी, हा आपला मुद्दा होता आणि तो बरोबर होता. मीही तेच म्हणत होतो. पण मग तो मुद्दा फक्त मराठीसाठी असू शकत नाही. गडचिरोलीत धानोरा तालुक्यातल्या मोहगावच्या ग्रामसभेने २०१९मध्ये आपल्या मुलांसाठी गोंडी माध्यमाची शाळा काढली. तिला मान्यता नाही म्हणून ती बंद करण्याची नोटीस आली. गोंडी आठव्या अनुसूचीत नाही. घटनेच्या ३५०-अ कलमात मात्र भाषिक अल्पसंख्य मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेत मिळण्याची सोय राज्याने करावी, असं १९५६पासून लिहिलेलं आहे. फ्रान्सच्या घटनेत जे वाक्य यायचं आहे, ते आपल्याकडे आधीच आहे.

म्हणून पॅरिसला बोल लावताना मला मोहगावची शाळा डोळ्यांसमोर ठेवावी लागते. कालांद्रेतांना घटनेचा आधार मिळावा असं मला वाटतं, तितक्याच मनापासून मला वाटतं की त्या गोंडी शाळेला महाराष्ट्र सरकारने मान्यता द्यावी, शिक्षकांचा पगार द्यावा आणि तिची पुस्तकं छापावीत. आणि ज्या ज्या शाळेत बाईंच्या टेबलावर ती प्लॅस्टिकची बरणी आहे, तिथल्या पालकांनी एक दिवस सगळ्यांनी मिळून जाऊन ती उचलून आणावी.